सूर्य आणि सोऱ्या

मुंजीच्या पंगतीत, मठ्ठ्याचा पेला तोंडाला लागलेला असताना, आमच्या साडूभाऊंनी मला विचारलं, "काय हो, तुमच्या लेन्सला पाती किती?"

दोन साडू शेजारी बसले की एक आकडा निघतो आणि त्यावर एकजण हरतो, ही आमच्या सासुरवाडीची जुनी रीत आहे. मागच्या लग्नात गाडीच्या ॲव्हरेजवर मी हरलो होतो. त्याआधीच्या बारशाला उपाशीपोटीच्या साखरेवर मी जिंकलो होतो. ती जिंकायची गोष्ट नव्हती, हे घरी आल्यावर बायकोनं सांगितलं. पात्यांचा आकडा मात्र नवा होता. विळीला पातं असतं, पंख्याला तीन असतात, गवताला असतं आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच वाढपी जिलबी घेऊन पुढे सरकतो, इथवर माझं शिक्षण. लेन्सला पाती असतात आणि ती मोजून ठेवायची असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"आहेत की बऱ्यापैकी," मी म्हणालो.

"आमच्या नव्या लेन्सला नऊ," साडूभाऊ म्हणाले. "म्हणजे अठरा."

नऊ म्हणजे अठरा कसे, हे विचारायचा मला धीर झाला नाही. त्यांनी आपणहून फोनवर एक फोटो उघडून दाखवला. आंब्याच्या फांदीआडून सूर्य डोकावतोय आणि त्याच्यातून चहूबाजूंना लखलखीत काड्या फुटल्यात. दोन डोंगर, मधे सूर्य आणि सूर्याला काड्या, हे चित्र मी दुसरीत काढलं होतं आणि बाईंनी दहापैकी चार दिले होते. तेच चित्र लाखभराच्या लेन्समधून आलं की त्याला 'सनस्टार' म्हणतात.

"मोजा," साडूभाऊ म्हणाले.

मी मोजल्या. अठराच होत्या. साडूंचा हिशेब आहे म्हणून मठ्ठा संपेपर्यंत पुन्हा एकदा मोजल्या.

रात्री घरी आल्यावर मी कपाटातून आपली लेन्स काढली. कॅननची जुनी ५० एमएम, एफ/१.८ची दुसरी आवृत्ती. हे मॉडेल १९९०च्या डिसेंबरात बाजारात आलं. वजन १३० ग्रॅम, म्हणजे अदपाव मिरच्यांएवढं. कॅमेऱ्यावर एफ/१६ लावलं, लेन्सच्या कुशीशी असलेलं बारकं बटण दाबलं आणि समोरून टॉर्च मारला. कुठे दडली होती कोण जाणे, पण पाच काळी पाती एकमेकांवरून सरकत आली, आजीनं बटव्याची नाडी ओढावी तसं तोंड आवळलं गेलं आणि मधोमध उरला एक नेमका पंचकोन. बटण सोडलं की पाती गायब, पुन्हा गोल गरगरीत भोक. मी आवळून-सोडून हा खेळ आठ-दहा वेळा केला. बायको दारात येऊन म्हणाली, "अहो, अकरा वाजलेत." मी म्हटलं, "पाच आहेत." ती झोपायला निघून गेली.

या एफच्या भानगडीत आकडा वाढला की भोक लहान होतं. पगारवाढीनंतर हातात कमी पैसे येण्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना हे समजायला जड जाऊ नये. लेन्सच्या फोकल लेंग्थला त्या आकड्यानं भागायचं. पन्नास भागिले सोळा, म्हणजे समोरून पाहिलं तर सुमारे ३ मिलिमीटरचं भोक: साबुदाण्याएवढं. साडूंची लेन्स १६ मिलिमीटरची. तिथे एफ/१६ला उरतो एक मिलिमीटर: राजगिऱ्याचा दाणा. थोडक्यात, सूर्याच्या काड्या हव्या असतील तर दोघांनाही उपास. एफ/१.८ला पाती पार आत जाऊन बसतात, भोक गोल राहतं आणि सूर्याच्या जागी फक्त एक पांढरा डाग पडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई कुरडयांसाठी पितळी सोऱ्या घासत बसली होती. चकत्या ओट्यावर मांडल्या होत्या: शेवेची, पापडीची, कुरडईची आणि चकलीची ती चांदणीच्या भोकाची. मला आयता फळा मिळाला. म्हटलं, "आई, लेन्समध्ये असंच असतं बघ. प्रकाश म्हणजे पीठ, पाती म्हणजे चकती. जसं भोक तसा सूर्याला काटा."

आईनं चकलीची चकती उजेडात धरली. "मग तुझ्या चकतीला टोकं किती?"

"पाच."

"म्हणजे काटे पाच."

"नाही, दहा."

आईनं चकती खाली ठेवली. "पाच टोकांच्या चकतीतून दहा काट्यांची चकली पडत असेल, तर ती चकती मला आणून दे. आणि जास्तीचं पीठ कुठून येतं तेही विचारून ये."

गेली साठ वर्षं सोऱ्या फिरवणाऱ्या बाईचा हा सवाल होता, तो हसण्यावारी नेण्यातला नव्हता. खरं म्हणजे सगळी मेख इथेच आहे. पीठ भोकाच्या आकारानं बाहेर पडतं. प्रकाश तितका आज्ञाधारक नाही. तो एखाद्या धारेजवळून गेला की किंचित वळतो, आणि वळतो तो धारेच्या आडव्या दिशेनं, तोही एका बाजूला नाही तर दोन्ही बाजूंना. याला विवर्तन म्हणतात. बोलोन्याचे जेझुइट धर्मगुरू ग्रिमाल्दी यांनी याला लॅटिनमध्ये नाव दिलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर १६६५ साली निघालेल्या त्यांच्या ग्रंथात ते छापलं गेलं. म्हणजे दर पात्यामागे एक धार, दर धारेमागे दोन काटे. पाच धारा, दहा काटे.

"मग सहा पाती घेतली तर बारा?" आई म्हणाली.

"नाही. सहाच."

इथे आईनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

मग मला आमचा जुना वाडा आठवला. मी ओट्यावर पिठानं षटकोनी चौक काढला. सहा घरांचा चौक असेल तर प्रत्येक घराच्या बरोबर समोर दुसरं घर येतं आणि समोरासमोरची दोन्ही घरं एकाच मोरीत पाणी सोडतात. बारा धारा निघतात, पण मोऱ्या भरतात सहा, आणि दुप्पट भरतात. पाच घरांच्या चौकात कुणाचंच घर कुणाच्या बरोबर समोर येत नाही. म्हणून दहा धारा, दहा मोऱ्या. पाती सम असली तर काटे तितकेच पण जाड. विषम असली तर दुप्पट पण किरकोळ. सात पात्यांचे चौदा, नऊचे अठरा.

"अहेराच्या पाकिटासारखं आहे," आई म्हणाली. "विषम असलं की बरकत." आणि तिनं माझा चौक ओल्या फडक्यानं पुसून टाकला.

मात्र प्रकाश आडवा वळतो यावर तिचा विश्वास बसेना. तेव्हा मी तिला रात्री गॅलरीत उभं केलं, सुती साडीचा पदर डोळ्यांपुढे ताणून धरायला लावला आणि लांबचा रस्त्यावरचा दिवा बघायला सांगितलं. तलम कापडातून पाहिलं की दिव्याला चार काटे फुटतात: उभ्या धाग्यांचे आडवे, आडव्या धाग्यांचे उभे. हा प्रयोग माझा नाही. १७८५ साली फिलाडेल्फियात फ्रान्सिस हॉपकिन्सन नावाचे गृहस्थ रेशमी रुमालातून रस्त्यावरचा दिवा पाहत बसले होते. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली होती. युद्ध संपलं होतं, वेळ होता. जे दिसलं ते त्यांनी डेव्हिड रिटनहाउस या खगोलशास्त्रज्ञांना कळवलं, आणि रिटनहाउसांनी बारीक स्क्रूंच्या आट्यांत ओळीनं केस ताणून त्याचा छडा लावला. आईनं पदर खाली घेतला आणि म्हणाली, "समोरच्या गॅलरीतले बघतायत. आत चल."

आकडे कळल्यावर मला साडूंच्या अठराचं दडपण वाटेनासं झालं. माझ्या दहा तोंडांमागे निदान रावण तरी उभा आहे. चौदावाल्यांना चौदावं रत्न आहे. अठराला काय? अठराविश्वे दारिद्र्य. हे मी साडूंना फोनवर ऐकवलं. ते म्हणाले, "अहो, आम्ही नऊ पाती काट्यांसाठी घेतलीच नाहीत, बोकेसाठी घेतली. तुमचे बोके पंचकोनी येतात. आमचे बघा, कसे गोल गुबगुबीत."

फोन स्पीकरवर होता. आतून आईचा आवाज आला, "त्यांच्याकडचा बोका इथे आणायचा नाही हं. आधीच एक दुधाच्या पिशव्या फाडतोय."

बोके हा जपानी शब्द. फोटोत मागचं सगळं धूसर झाल्यावर जी लोण्यासारखी मऊ पार्श्वभूमी मिळते, तिची प्रत म्हणजे बोके. १९९७ साली अमेरिकेतल्या 'फोटो टेक्निक्स' मासिकाचे संपादक माईक जॉन्स्टन यांनी इंग्रजी वाचकांनी त्याचा उच्चार 'बोक' करू नये म्हणून स्पेलिंगच्या शेवटी एक एच चिकटवला. मराठी वाचकांसाठी असलं काही करावं लागत नाही. आपण पहिल्या दिवसापासून बरोबर उच्चार करतो, फक्त मांजर डोळ्यांपुढे येतं.

आता या बोक्यांचं आणि काट्यांचं वैर आहे. धूसर झालेला प्रत्येक दिवा फोटोत भोकाच्या आकाराचा होतो. भोक पंचकोनी असेल तर वरातीच्या फोटोत नवरीच्या मागे पंचकोनी दिवे लोंबतात, आणि ते पाहून नवरीची मावशी विचारते, "हे शंकरपाळे कसले?" म्हणून हल्लीचे लेन्सवाले पात्यांच्या आतल्या कडा गोलाकार करतात. माझ्या लेन्सच्या जागी कॅननची जी एसटीएम आवृत्ती २०१५ साली आली, तिच्यात सात गोलसर पाती आहेत. भोक अर्धवट मिटलं तरी गोलच दिसतं. दिव्यांचे शंकरपाळे जातात, लाडू येतात. मावश्या खूश.

पण कड गोल केली की काट्याची वाट लागते. सरळ कडेचा प्रत्येक कण प्रकाशाला एकाच दिशेनं ढकलतो, सगळ्यांचं ढकलणं एका रेघेत साठतं आणि काटा उभा राहतो. कड वाकवली की प्रत्येक कणाची दिशा थोडी निराळी. काट्याचा झाडू होतो. मग भोक आणखी आवळावं लागतं, एफ/१६पर्यंत, एफ/२२पर्यंत. तिथे प्रत्येक पात्याच्या कडेचा इतका छोटा तुकडा उघडा राहतो की तो सरळच म्हणायचा, आणि मग कुठे काटे पुन्हा शिस्तीत येतात. माझ्या सरळ पात्यांना एफ/८लाच काटा येतो. ही गोष्ट मी वहीत तारीख घालून लिहून ठेवली आहे.

म्हणजे एकाच लेन्सकडून लोकांना लग्नात लाडू हवेत आणि डोंगरावर चकल्या. कॉसिना ही जपानी कंपनी फोइग्टलेंडर या जुन्या नावानं लेन्स काढते. तिच्या बऱ्याच लेन्समध्ये आजही १० सरळ पाती असतात, आणि काट्यांचे शौकीन त्यांच्यावर जीव टाकतात. पुरणपोळी आणि चकली एकाच घाण्यात निघत नाही हे मान्य करणारं कुणीतरी आहे, याचं मला बरं वाटतं. मात्र त्या लेन्सची किंमत बघून मी लगेच शेवेकडे वळतो.

मध्यंतरी मला वाटलं, पाती वाढवून साडूंना एकदाच चीत करावं. मुंबईला गेलो असताना फोर्टातल्या बोरा बझारात शिरलो. एका दुकानात काचेखाली जुन्या रशियन लेन्सा मांडल्या होत्या. ज्युपिटर-९, ८५ मिलिमीटरची: पाती १५. शेजारी तायर-११: पाती २०. माझ्या डोक्यात पटापट गुणाकार झाला. पंधराच्या तीस! साडूंचे अठरा तीसखाली गाडले जाणार होते.

दुकानदारानं लेन्सची कडी फिरवून भोक मिटवलं आणि माझ्यापुढे धरलं. आत पंधरा पाती कमळाच्या पाकळ्यांसारखी आवळत गेली आणि मधे उरलेलं भोक जवळजवळ गोलच. "साहेब, तारा पाहिजे?" तो म्हणाला. "मग पाती कमी घ्या. जेवढी जास्त, तेवढा काटा बारीक."

बरोबर होतं त्याचं. प्रकाश तेवढाच, वाटेकरी तीस. एक किलो बासुंदीत पन्नास पाहुणे निभवायचे म्हटल्यावर वाटीचा तळ दिसणारच. त्यानं मग मला जुन्या लेन्समध्ये एवढी पाती का, हेही सांगितलं. त्या काळी भोक हातानं सावकाश मिटवायचं, घाई नव्हती. पुढे कॅमेरे असे आले की पाहताना भोक सताड उघडं, आणि बटण दाबल्याबरोबर पाती झटकन आपोआप मिटायला हवीत, फोटो निघाला की पुन्हा उघडायला हवीत. वीस पाती एकमेकांवर घासत वेळेवर येणं म्हणजे आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा. म्हणून पाती पाच-सहावर आली. माझी पाच पाती गरिबीतून नाही, वक्तशीरपणातून आली आहेत, हे ऐकून मी रिकाम्या हातानं पण ताठ मानेनं बाहेर पडलो.

साडूभाऊ मात्र मागे हटणारे नव्हते. त्यांनी जेम्स वेब दुर्बिणीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "हिच्या आरशाचे तुकडे किती? अठरा!" खरंच, त्या दुर्बिणीचा मुख्य आरसा १८ षटकोनी तुकड्यांचा आहे. पण २०२२च्या जुलैत तिचे पहिले फोटो आले, त्यात ताऱ्यांना मोठे काटे सहा आणि आडवे बारके दोन. सहा आरशाच्या षटकोनी कडांचे. आणि पुढचा छोटा आरसा ज्या तीन दांड्यांवर उभा आहे त्यांचे निघतात सहा, पैकी चार मोठ्यांत मिसळतात आणि दोन उरतात. हबलच्या ताऱ्यांना चारच. वेबला सुमारे १० अब्ज डॉलर खर्च आला, आणि तिथल्या शास्त्रज्ञांच्या दृष्टीनं हे काटे म्हणजे मागची अंधुक दीर्घिका झाकणारी कटकट. आम्ही दोघे साडू तीच कटकट आणखी ठसठशीत मिळावी म्हणून कर्ज काढायच्या बेतात होतो.

शेवटी सोक्षमोक्ष हरिश्चंद्रगडावर लावायचं ठरलं. होळीच्या आधीचा शनिवार, पाचनईची वाट, साडूभाऊ, त्यांचा चिरंजीव आणि मी. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे, सूर्य समोर बुडतो, यापेक्षा चांगला आखाडा कुठे मिळणार? पावसाळ्यात याच कड्यावरून खालच्या धुक्यात गोल इंद्रधनुष्य दिसतं, त्याला इंद्रवज्र म्हणतात. निसर्ग तिथे एकही पातं न लावता गोल काढून मोकळा होतो. आम्ही मात्र चार वाजल्यापासून ट्रायपॉडचे पाय दगडांत रोवत बसलो होतो. साडूभाऊ मधूनमधून मला, "सूर्य वर असताना त्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावू नका हो, जाईल," असं बजावत होते. तेवढी माया आहे त्यांना.

सहा वाजले. सूर्य खाली आला. आणि कोकणातून वर आलेल्या वणव्यांच्या धुरात शिरला. पांढऱ्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा तांबडा, आणि तांबड्याचा चक्क पोह्याचा पापड. एफ/८ लावलं, एफ/१६ लावलं, एफ/२२ लावलं. काटा नाही. एकही नाही. दहाही नाहीत आणि अठराही नाहीत. काट्याला सूर्य कसा हवा? टाचणीच्या डोक्याएवढा, डोळ्यात खुपणारा, शक्यतो दगडाच्या कडेआडून अर्धवट डोकावणारा, आणि भोवती काळोखी. म्हातारा, मवाळ, थाळीएवढा पसरलेला सूर्य कुणालाच टोचत नाही. आम्ही दोघांनीही मुकाट्यानं लेन्सवर झाकणं लावली.

तेवढ्यात चिरंजीव ओरडला, "काका, हे बघा!" त्यानं फोनवर काढलेल्या फोटोत त्या पापडातूनही एक झळाळता तिरपा पट्टा आकाशभर गेला होता, कुणीतरी ब्रश ओढल्यासारखा. फोनच्या कॅमेऱ्यात बहुधा पातीच नसतात, भोक कायमचं एकच. मग हा पट्टा कुठून आला? मी त्याचा फोन उलटा करून पाहिला. वेफर्स खाल्लेला अंगठा काचेवरून एकदाच फिरवलेला, तेलाच्या बारीक रेघा सगळ्या एका दिशेनं, आणि प्रकाश त्यांच्या आडवा पसरलेला. ग्रिमाल्दी, रिटनहाउस आणि बटाटा वेफर्स. घरच्या ग्रुपवर त्या फोटोला पहिल्या दहा मिनिटांत अठरा अंगठे आले. आम्ही ते मोजले नाहीत असं एकमेकांना दाखवलं.

सकाळी पाचनईला उतरलो. ज्या घरी पिठलं-भाकरी सांगितली होती, तिथल्या काकूंनी राखेनं घासलेला स्टीलचा हंडा ओट्याच्या कडेला पालथा घातला होता. नऊचं ऊन हंड्याच्या फुगीर पोटावर एका ठिपक्यात पेटलं होतं, मागे काळंभोर दार. मी भाकरीचा घास तसाच ठेवला, एफ/८ लावलं आणि हंड्यासमोर उकिडवा बसलो. काढला. दहा काटे, एकेक सुईसारखा, टोकाशी किंचित रंग उमटलेला. साडूभाऊही धावले. त्यांनी एफ/२२ लावलं. अठरा काटे आले, केसासारखे बारीक, सुरेख. खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा नाजूक होते. काकू म्हणाल्या, "हंड्याचा कशाला काढताय फोटो? पोचा आलाय त्याला."

घरी आल्यावर दोन्ही फोटो लॅपटॉपवर शेजारी शेजारी लावून आईला बोलावलं. तिनं चष्मा वर-खाली केला आणि साडूंच्या फोटोवर बोट ठेवलं. "ही मोहरी कुठली सांडली?" हंड्याच्या पोटावर काळे ठिपके होते, अकरा. साडूंच्या सेन्सरवरची धूळ. मोठ्या भोकाला ती पुसट होऊन जाते, राजगिऱ्याएवढ्या भोकाला तिच्या प्रत्येक कणाची सावली ठसठशीत पडते. शिवाय एफ/२२ला सगळं चित्रच जरा ओलसर होतं: प्रकाशाच्या एका बिंदूचा ठिपका सुमारे ३० मायक्रॉनचा होतो, आणि २४ मेगापिक्सेलच्या पूर्ण आकाराच्या सेन्सरवर एका पिक्सेलची रुंदी साधारण ६. म्हणजे एका पाटावर बसवलेला पाहुणा पाच पाटांवर ऐसपैस पसरतो. काटा जितका बारीक हवा, तितका हंडा मऊ होत जातो.

हे सगळं मी समजावून सांगेपर्यंत आई काट्यांकडेच बघत होती. "एवढंच होय?" ती म्हणाली. "हे मला पाच वर्षं फुकट दिसत होतं. रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याला. मोतीबिंदू काढला तेव्हा गेलं. तुम्ही पैसे घालून परत आणताय?"

मी काही बोललो नाही. धडधाकट डोळ्याच्या भिंगातही शिवणी असतात आणि चांदण्यांना आपल्याला जी टोकं दिसतात ती बरीचशी त्या शिवणींची, हे मला सांगता आलं असतं. पण ऑपरेशनचं बिल मीच भरलं होतं.

पुढच्या आठवड्यात आईनं दिवाळी नसताना भाजणी काढली. चकल्या झाल्या, खुसखुशीत, प्रत्येकीचा काटा उभा. एक डबा बायकोनं बहिणीकडे पोचवला. रात्री साडेनऊला फोन वाजला.

"काय हो," साडूभाऊ म्हणाले, "तुमच्या चकलीला काटे सहाच?"